ऑनलाइन प्रशिक्षणासाठी घरातला सायकल ट्रेनर कसा निवडावा

जूनच्या मध्यावर ठाण्यात पाऊस स्थिरावला की येऊरच्या वळणांवर शेवाळ धरते, घोडबंदर रस्त्यावर अवजड गाड्यांच्या चाकांखालून उडणाऱ्या पाण्यात पुढचा खड्डा दिसेनासा होतो, आणि नवी मुंबईत पामबीच रस्त्यावर पहाटे दिसणारी सायकलस्वारांची रांग विरळ होत जाते. हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची, म्हणजे ते अंतर साडेतेरा तासांच्या आत कापायचे, असे ज्यांनी ठरवलेले असते त्यांच्यासाठी पायांत ताकद साठवण्याचे महिने मात्र नेमके हेच असतात. म्हणून या भागातले अनेक हौशी सायकलस्वार आता घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच धरून चालवू देणारे यंत्र, लावतात आणि पुण्यातला, बंगळुरूतला किंवा परदेशातला प्रशिक्षक ऑनलाइन गाठतात. ट्रेनर घ्यायला गेले की दोन आकडे सर्वांत आधी कानावर पडतात: यंत्र जास्तीत जास्त किती वॉट झेलते आणि किती टक्क्यांचा चढ निर्माण करते. माझ्या मते दूरच्या प्रशिक्षकाबरोबर सराव करणाऱ्याला या दोन्ही आकड्यांचा फारसा उपयोग नाही. ट्रेनर आज जसे मोजतो तसेच तीन महिन्यांनीही मोजेल का, आणि तो आपल्या सायकलीला व आपल्या घराला मानवेल का, हे त्याने आधी पाहावे.

असे का, हे समजण्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे लागेल. प्रशिक्षक ‘ट्रेनिंगपीक्स’सारख्या सेवेतल्या आपल्या दिनदर्शिकेत त्या दिवसाचा सराव लिहून ठेवतो, उदाहरणार्थ आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, प्रत्येक टप्पा २०० वॉटला आणि मध्ये चार मिनिटांची विश्रांती. हा सराव ‘झ्विफ्ट’सारख्या अ‍ॅपमध्ये उतरतो, अ‍ॅप ट्रेनरला आज्ञा देते, आणि ट्रेनर पेडलला होणारा विरोध, ज्याला सगळे रेझिस्टन्स म्हणतात, त्याप्रमाणे कमीजास्त करतो. सराव संपला की शक्ती, पेडलांची मिनिटाला होणारी आवर्तने आणि हृदयाचे ठोके यांची नोंद असलेली फाइल प्रशिक्षकाकडे जाते. शिवाजी पार्कच्या मैदानावरचा प्रशिक्षक खेळाडूचा चेहरा, श्वास आणि खांद्यांचा ताण पाहून सराव थांबवू शकतो. ऑनलाइन प्रशिक्षकाकडे तशी सोय नसते. त्याचा प्रत्येक निर्णय त्या फाइलमधल्या आकड्यांवर उभा असतो, आणि ते आकडे ट्रेनरने मोजलेले असतात.

यातला पायाभूत आकडा म्हणजे एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी आपली कमाल सरासरी शक्ती. ती काढण्याची रूढ पद्धत अशी की वीस मिनिटे शक्य तितक्या जोराने सायकल चालवायची आणि त्या सरासरीचे ९५ टक्के घ्यायचे. दुसऱ्या पद्धतीत दर मिनिटाला वॉट वाढवत नेतात आणि शेवटच्या तग धरलेल्या मिनिटाचे ७५ टक्के घेतात. समजा एफटीपी २०० वॉट आली. प्रचलित विभागणीनुसार सहनशक्तीचा सराव तिच्या ५६ ते ७५ टक्क्यांत, म्हणजे ११२ ते १५० वॉटमध्ये बसतो, तर उंबरठ्यावरचा कठीण सराव ९१ ते १०५ टक्क्यांत, म्हणजे १८२ ते २१० वॉटमध्ये. आता ट्रेनरची अचूकता पाच टक्क्यांच्या आत-बाहेर असेल, तर पडद्यावर २०० वॉट दिसत असताना पायांतून प्रत्यक्षात १९० निघत असतील किंवा २१०. हा वीस वॉटचा फरक फार मोठा आहे, कारण हौशी सायकलस्वाराची कित्येक महिन्यांच्या मेहनतीची सुधारणाही अनेकदा एवढीच असते. हीच अचूकता दोन टक्क्यांची असेल तर फरक १९६ ते २०४ इतका आक्रसतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. किराणा दुकानातला तराजू प्रत्येक किलोमागे वीस ग्रॅम जास्त दाखवत असला, पण रोज तेवढेच जास्त दाखवत असला, तर महिन्याकाठी घरात तांदूळ किती वाढला किंवा घटला हे त्याच्यावरून बरोबर कळते. ट्रेनर कायम पाच वॉट जास्त दाखवत असेल तर प्रशिक्षकाचे काही बिघडत नाही. एफटीपीही त्याच ट्रेनरवर काढलेली असते आणि सरावही त्याच्यावरच होतो. त्रास होतो तो सोमवारी पाच वॉट जास्त आणि गुरुवारी सात वॉट कमी दाखवणाऱ्या यंत्राचा. अशा फाइली पाहून प्रशिक्षक दमलेल्या माणसाला ताजातवाना समजतो आणि ताज्याला दमलेला. म्हणून बॉक्सवर छापलेल्या टक्केवारीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व सातत्याला द्यावे.

या कसोटीवर ट्रेनरचे प्रकार तपासू. रोलर म्हणजे तीन फिरत्या नळकांड्यांवर मोकळी ठेवलेली सायकल. तोल आणि पेडलिंगची सफाई यांसाठी ते उत्तम असले तरी या कामाचे नाही. त्यानंतर येतात मागच्या टायरला रोलर टेकवून चालणारे साधे चुंबकीय किंवा द्रव भरलेले ट्रेनर. ते स्वतः शक्ती मोजत नाहीत. चाकाला वेगाचा सेन्सर लावला तर अ‍ॅप त्या मॉडेलच्या आलेखावरून वॉटचा अंदाज काढते, पण तो अंदाज टायरमधली हवा, रोलर किती घट्ट टेकवला आहे आणि यंत्र किती तापले आहे या तीन गोष्टींवर हलत राहतो. हाच प्रकार वापरायचा असेल तर दर वेळी टायरमध्ये मोजून तेवढीच हवा भरावी आणि घट्ट करण्याचा खटका तेवढेच वेढे फिरवावा. एवढी शिस्त पाळली तर सुरुवातीचे काही महिने त्याच्यावरही ढकलता येतात.

टायरवर चालणारे पण स्मार्ट, म्हणजे स्वतः वॉट मोजून रेझिस्टन्स बदलणारे ट्रेनर ही त्यापुढची पायरी. वाहू कंपनीचा किकर स्नॅप हे त्याचे परिचित उदाहरण, ज्याची अचूकता कंपनीने तीन टक्के सांगितली आहे. मात्र टायर आणि रोलर यांतली घसरण इथेही उरतेच, म्हणून दहा मिनिटे सायकल चालवून टायर गरम झाल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळवणी, करावे लागते आणि जोरात उसळी घेताना टायर सटकतो. माउंटन बाइकचे काटेरी टायर याच्यावर चालत नाहीत; ते प्रचंड आवाज करतात आणि झिजतात, त्यामुळे गुळगुळीत टायर बसवावा लागतो.

डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात मागचे चाक काढून सायकलची साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचावर, चढवतात. टायर मध्ये नसल्यामुळे घसरण, हवेचा दाब आणि रबराचा वास या तिन्ही कटकटी एकदम जातात, आणि मोजमापातले सातत्य वाढते. वाहूच्याच किकर कोअरची सांगितलेली अचूकता दोन टक्के, तर मोठ्या किकरची आणि टॅक्स कंपनीच्या निओ २टीची एक टक्का आहे. निओ मालिकेला कॅलिब्रेशन लागत नाही. ज्याला प्रशिक्षकाबरोबर वर्षभर गांभीर्याने काम करायचे आहे त्याने, परवडत असेल तर, याच प्रकारात मध्यम किमतीचा ट्रेनर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. एक टक्का आणि दोन टक्के यांतल्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज हौशी सायकलस्वाराला बहुधा पडत नाही. ट्रेनर आणि सायकल दोन्ही एकातच असलेल्या स्मार्ट बाइक फार महाग असतात. त्यांचा विचार घरातल्या दोघा-तिघांना आळीपाळीने वापरायचे असेल तेव्हाच करावा.

दुकानातल्या त्या दोन आकड्यांचे काय, तेही पाहू. किकर कोअर १६ टक्क्यांपर्यंतचा चढ आणि १८०० वॉटपर्यंतचा जोर घेतो, निओ २टी २५ टक्के आणि २२०० वॉट. हौशी सायकलस्वाराची काही सेकंदांची उसळीही बहुतेक वेळा हजार वॉटच्या आसपास संपते. चढाबद्दल सांगायचे तर झ्विफ्टमध्ये ट्रेनरच्या कठीणपणाची मूळ मांडणीच ५० टक्क्यांवर असते, म्हणजे पडद्यावर १६ टक्क्यांचा चढ असेल तेव्हा पायांना आठ टक्क्यांचा जाणवतो. ही मांडणी बदलल्याने लागणारे वॉट बदलत नाहीत, फक्त गिअर बदलण्याची गरज कमीजास्त होते. शिवाय प्रशिक्षकाचा सराव बहुतांशी चढ-उतारावर चालतच नाही; तो ‘अर्ग’ या पद्धतीत चालतो.

अर्ग पद्धत नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ऑनलाइन प्रशिक्षणात ट्रेनरची खरी उपयुक्तता तिच्यात आहे. प्रशिक्षकाने २०० वॉट लिहिले असतील तर या पद्धतीत ट्रेनर २०० वॉटच घेतो. आपण पेडल जलद फिरवले तर तो रेझिस्टन्स कमी करतो, हळू फिरवले तर वाढवतो. मिनिटाला ९० आवर्तनांवरून आपण ६० वर घसरलो, तर तेवढ्याच वॉटसाठी प्रत्येक फेरीत दीडपट जोर लावावा लागतो. तिसऱ्या टप्प्याच्या सहाव्या मिनिटाला पाय जड झाले की नेमके हेच घडते: आवर्तने कमी होतात, रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे आवर्तने आणखी कमी होतात आणि शेवटी पेडल जागीच रुतून बसते. अशा वेळी उभे राहून झगडू नये. दोन सेकंद पेडलिंग थांबवून, रेझिस्टन्स उतरल्यावर हलक्या पायांनी आवर्तने वर न्यावीत आणि ट्रेनरला पुन्हा हळूहळू पकड घेऊ द्यावी. ट्रेनर घेण्यापूर्वी चालवून पाहण्याची संधी मिळाली तर १२० वरून २५० वॉटवर तो किती सेकंदांत आणि किती सहजपणे जातो, आणि तिथे पोहोचल्यावर वॉट स्थिर ठेवतो की हेलकावे खातो, हे अवश्य पाहावे. अर्गमध्ये मधला गिअर लावून साखळी सरळ ठेवावी, आणि दर वेळी तोच गिअर वापरावा, म्हणजे दोन दिवसांची तुलना खरी होते.

ट्रेनरला एक सशक्त पर्यायही आहे, तो म्हणजे सायकललाच पॉवर मीटर बसवणे. फावेरो असिओमासारखी शक्ती मोजणारी पेडल एक टक्का अचूकतेची असतात आणि साध्या, स्वस्त ट्रेनरबरोबरही उत्तम काम करतात. त्यांचा मोठा फायदा असा की जुलैमध्ये घरात आणि डिसेंबरमध्ये पामबीच रस्त्यावर प्रशिक्षकाला एकाच मापाने मोजलेले आकडे मिळतात. अर्गची सोय मात्र जाते आणि वॉट आपल्या पायांनी सांभाळावे लागतात, जे खरे तर रस्त्यावरच्या सवयीसाठी वाईट नाही. वर्षातले आठ महिने जो बाहेर सायकल चालवतो त्याला मी हाच मार्ग सुचवीन. दोन्ही असतील तर प्रशिक्षकाला कोणत्या उपकरणाची फाइल जाते हे एकदा ठरवून घ्यावे आणि ते बदलू नये.

आता सायकलकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. नेरूळला राहणारी माझी मावसबहीण सात गिअरच्या हायब्रिड सायकलसाठी डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर मागवणार होती. त्याआधी आम्ही सायकल उलटी करून मागची दातेरी चक्रे तपासली. तपासणी सोपी आहे. चक्रांच्या मध्यभागी, आसाजवळ, पाना बसण्यासाठी खाचा असतात. चक्रे मागच्या दिशेने फिरवावीत; खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट आहे, आणि चक्रे फिरत असताना खाचा जागीच राहिल्या तर ते आट्यांवर बसणारे फ्रीव्हील आहे. तिच्या सायकलच्या खाचा जागच्या हलल्या नाहीत. फ्रीव्हील काढून ते ट्रेनरवर लावता येत नाही. ट्रेनरवर वेगळी सात गिअरची कॅसेट योग्य जाडीच्या स्पेसरसह, म्हणजे उरलेली जागा भरणाऱ्या कडीसह, बसवावी लागते आणि ती, तिचा पाना आणि बसवण्याची मजुरी हा खर्च आधीच हिशेबात धरावा लागतो. आठ ते बारा गिअरच्या सायकलींसाठी आता झ्विफ्ट कॉग नावाचे एकच चक्र असलेले ट्रेनरही मिळतात, ज्यांत गिअर अ‍ॅपमधून बदलले जातात. वेगवेगळ्या सायकली असलेल्या घराला ते सोयीचे आहेत.

त्याखेरीज मागच्या आसाची जात पाहावी. जुन्या रोड बाइकला १३० आणि बहुतेक हायब्रिड व माउंटन बाइकना १३५ मिलिमीटरचा क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा, आस असतो, नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलींना १४२ बाय १२ किंवा १४८ बाय १२ चा, आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल असतो. त्यासाठीचे अडॅप्टर बॉक्समध्ये आहेत का, हे मागवण्यापूर्वीच विचारावे. नटांनी आवळलेल्या आसाच्या सायकली टायरवर चालणाऱ्या ट्रेनरमध्ये जशाच्या तशा धरत नाहीत. त्यांना वेगळे नट लागतात. फ्रेम कार्बनची असेल तर ट्रेनरवर वापरण्यास कंपनीची परवानगी आहे का, हे वॉरंटीच्या कागदात वाचून घ्यावे.

घराचा विचार करताना लोक आवाजाबद्दल विचारतात, पण सोसायटीत तक्रार होते ती सहसा कंपनांमुळे. डायरेक्ट ड्राइव्हचा आवाज पंख्याच्या आवाजात बुडून जातो. कंपन मात्र स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरते आणि पहाटे पाच वाजता ते तिथल्या माणसांना गुरगुरल्यासारखे ऐकू येते. जाड रबरी मॅट अंथरावी आणि ट्रेनर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या जवळ ठेवावा, कारण स्लॅब मध्यभागी जास्त हलतो. खालच्या घरी जाऊन एकदा सांगावे, सरावाची वेळ विचारून ठरवावी. शेजारधर्म म्हणून ते योग्यच आहे. वजनाचाही अंदाज असावा. किकर कोअर सुमारे १८ किलो आणि मोठा किकर २१ किलोंच्या वर भरतो, त्यामुळे वन बीएचकेमध्ये रोज काढून ठेवणे कंबरेला झेपेल का, याचा विचार आधीच करावा. घरात लहान मुले असतील तर ट्रेनरचे फिरते जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि साखळी यांच्यापासून त्यांना दूर ठेवण्याची पक्की व्यवस्था हवीच. सराव चालू असताना खोलीचे दार बंद असावे.

वीज गेली की बहुतेक स्मार्ट ट्रेनरचा रेझिस्टन्स जातो, तरी ते छोट्या अडॅप्टरवर चालत असल्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर सहज निभावते. टॅक्स निओ आपल्या पायांच्या शक्तीवर स्वतःपुरती वीज तयार करतो.

ठाणे-नवी मुंबईत उकाडा हा घटक मात्र इतर सगळ्यांवर मात करतो आणि परदेशातल्या प्रशिक्षकाला त्याची कल्पना नसण्याची शक्यता मोठी असते. शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी फक्त २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होते. २०० वॉटने सायकल चालवताना शरीर ६०० ते ८०० वॉट उष्णता बाहेर टाकत असते. रस्त्यावर समोरून येणारे वारे ती वाहून नेते, घरात वारे नसते. त्यात पावसाळ्यातली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम वाळला नाही तर तो थंडावाही देत नाही. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदय जलद धडधडते, आणि तेवढ्याच वॉटला तासाभरात ठोके दहा-पंधराने वर चढलेले दिसतात. फाइल पाहणाऱ्याला हा थकवा किंवा आजार वाटू शकतो. त्यामुळे ट्रेनरच्या अंदाजपत्रकातून काही पैसे काढून दोन चांगले पंखे घ्यावेत. छताचा पंखा पुरत नाही. एक मोठा उभा पंखा समोरून छातीवर आणि दुसरा बाजूने किंवा मागून असावा. एसी असेल तर तो हवेतली आर्द्रताही काढतो. प्रत्येक सरावाच्या टिपणीत खोलीचे तापमान आणि पंखा-एसीची स्थिती लिहावी, आणि छातीचा हार्ट रेट पट्टा घ्यावा, कारण घामेजलेल्या मनगटावरच्या घड्याळाची मोजणी चुकते.

घामातले मीठ सायकलला खाते, हेही सांगितले पाहिजे. हँडलवरच्या टेपच्या आत अ‍ॅल्युमिनियम पोखरले जाते, हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजून अडकतात, हेडसेट, म्हणजे हँडल वळते तिथले बेअरिंग, खरखरू लागतो. हँडलवर टॉवेल टाकावा, सरावानंतर सायकल ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी, आणि अधूनमधून टेप सोडवून आत पाहावे.

जोडणीच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेशा आहेत. ट्रेनरला ब्लूटूथचे एफटीएमएस आणि एएनटी प्लस ही दोन्ही प्रमाणके असावीत, म्हणजे प्रशिक्षकाने अ‍ॅप बदलले तरी यंत्र बदलावे लागणार नाही. अनेक ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात, म्हणून लॅपटॉपवर जोडताना फोनमधले कंपनीचे अ‍ॅप पूर्ण बंद करावे. ‘ट्रेनर सापडत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. अ‍ॅपचे मासिक शुल्कही खर्चात धरावे. झ्विफ्टचे महिन्याला १९.९९ डॉलर आहे, मायवूश विनामूल्य आहे. प्रशिक्षक कोणत्या अ‍ॅपसाठी सराव लिहितो हे आधी विचारूनच नोंदणी करावी.

खरेदी करताना भारतात दुरुस्ती कोण करतो, फ्रीहब (कॅसेट बसते तो फिरता भाग) आणि बेल्ट इथे मिळतात का, यंत्र बिघडले तर ते उचलून नेण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या ट्रेनरची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. जुना ट्रेनर घेताना तो घरी जाऊन चालवून पाहावा, मूळ अडॅप्टर आहे का तपासावे, फ्रीहब हाताने फिरवून खरखर जाणवते का पाहावे, आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून कॅलिब्रेशन करून ते पूर्ण होते याची खात्री करावी.

ट्रेनर घरी आल्यावर पहिला आठवडा एफटीपीच्या चाचणीसाठी घाई करू नये. हलका सराव करत त्याची, पंख्यांची आणि आसनाच्या उंचीची घडी बसू द्यावी, फर्मवेअर अद्ययावत करावे, कॅलिब्रेशन लागत असेल तर ते करावे. मग चाचणी द्यावी आणि प्रशिक्षकाला तिच्याबरोबर ट्रेनरचे मॉडेल, वापरलेला गिअर, खोलीचे तापमान आणि त्या दिवशीचे आपले वजन कळवावे. घरातली एफटीपी रस्त्यावरच्यापेक्षा कमी निघाली तर तो आकडा वेगळा नोंदवायला सांगावा आणि घरातला सराव त्याच्यावरच आखून घ्यावा.